हात न धुतलेला रविवार

मी अत्तराच्या बाटलीला सॅनिटायझर समजलो. घडलं ते एवढंच. पण आमच्या घरात 'एवढंच' असं काही राहत नाही. बायकोच्या, म्हणजे वर्षाच्या, हाती लागलं की त्याचा किस्सा होतो, तो फोनवरून पुण्याला आमच्या लेकीकडे, सईकडे जातो, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत मला माझीच फजिती वेगवेगळ्या आवाजांत ऐकावी लागते. तेव्हा म्हटलं, या वेळी आपणच आधी सांगून टाकावं.

रविवारची सकाळ होती. वाशीच्या मॉलमध्ये वर्षाला चादरी घ्यायच्या होत्या. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या नवऱ्याला चादरींच्या दुकानात एकच काम असतं. "ही बरी का ती?" असं विचारलं की "दोन्ही छान" म्हणायचं आणि "तुम्हाला विचारून काही उपयोग नाही" हे ऐकून घ्यायचं. ते काम मी मागच्या खेपेला चोख केलं होतं, म्हणून या खेपेला बाहेर रेंगाळलो. समोर एक झगझगीत काउंटर होता, आणि त्याच्या कडेला, जाता-येता हात पोचेल अशी, एक स्प्रेची बाटली. आत कोऱ्या चहासारखं काहीतरी. साथीच्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशी हिरवा सॅनिटायझर असायचा, तर इथे तपकिरी असेल, श्रीमंत जागा आहे, असा मी विचार केला असावा. केला असावा म्हणतो, कारण खरं तर विचार केलाच नाही. ती वर्षं सरली, पण बाटली दिसली की हात पुढे करायची सवय माझी काही सुटलेली नाही. मी तळहातावर तीन फवारे घेतले आणि टीव्हीवर शिकवलं होतं तसं, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे, मग नखं, असं सगळं मन लावून चोळलं.

"सर! सर, ते परफ्यूम आहे!"

काउंटरमागून एक मुलगी धावत आली. सईच्याच वयाची असेल. मी गडबडलो, पण चेहरा सांभाळला.

"हो, हो, माहितीये ना," मी म्हणालो. "मी असंच लावतो."

"अंगठ्यांना पण?"

मी अंगठे मुठीत लपवले. मग तिलाच माझी दया आली. "चालतंय, सर. पण हे स्ट्राँग आहे, एक स्प्रे पण खूप होतो. लेदर आहे ना."

"लेदर म्हणजे?"

"म्हणजे चामड्याचा वास. जेंट्सना खूप आवडतो. आता जरा उग्र वाटेल, तासाभराने बसेल. खरा वास चार-पाच तासांनी येतो, सर, आणि तो प्रत्येकाच्या स्किनवर वेगळा येतो. फक्त एक करा, हात धुवू नका."

मी ओंजळ नाकाशी नेली.

आधी डांबर आलं. तापलेला रस्ता आणि त्यावर सांडलेलं पेट्रोल. मग पाणी मारून विझवलेल्या लाकडाचा करपट वास. मग नव्या गाडीचं दार पहिल्यांदा उघडल्यावर येतो तो, अजून कुणाचाच न झालेला वास. घशात कडू उतरावं इतकं सगळं तिखट. आणि या सगळ्याच्या मागे, दाराआड कुणी श्वास रोखून उभं राहावं तसं, कुणीतरी. मी पुन्हा ओंजळ नाकाशी नेली. दाराआडचं माणूस पुढे आलं नाही. पण होतं.

"अहो, हे काय?" चादरींची पिशवी घेऊन वर्षा समोर उभी होती. "कोरडंच तोंड धुताय का?"

मी लहान असताना आम्ही घणसोलीला राहायचो, बैठ्या चाळीत, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. रबाळ्याच्या कारखान्यांना आम्ही मुलं नावांनी ओळखत नव्हतो, वासांनी ओळखायचो. सकाळी शाळेत जाताना भाजक्या बिस्किटांचा वास यायचा, तो उपाशीपोटी फार छळायचा. दुपारी कुठल्याशा औषधांच्या कंपनीचा कडू धूर. संध्याकाळी रंगाचा. वारा फिरला की खाडीचा चिखल, खारट, कुजट आणि का कोण जाणे, आपलासा. वाऱ्याची दिशा बदलली की आई पळत जाऊन दोरीवरचे कपडे काढायची आणि आम्ही डोळे मिटून पैज लावायचो, सांग, आता कुठली कंपनी?

माझी कंपनी मला सगळ्यांत आधी ओळखू यायची. ती रोज संध्याकाळी चालत घरी यायची.

बाबा हातमोज्यांच्या कारखान्यात कटर होते. थंडीत घालायचे किंवा मोटारसायकलवर मिरवायचे हातमोजे नव्हेत. हे जाड चामड्याचे, पिवळट राखाडी, कोपराच्या थोडं खालपर्यंत येणारे. वेल्डिंगवाले, लोखंड उचलणारे, पुढे न्हावा शेव्याला बंदर झाल्यावर तिथे साखळदंड ओढणारे, असल्या माणसांचे. बाबा टेबलावर अख्खं कातडं पसरायचे, त्यावर तळहाताच्या आकाराचा पोलादी फर्मा ठेवायचे, वरून प्रेस खाली आली की तळहात सुटा व्हायचा. मग पाठ, मग अंगठा. गावाकडे ज्या कामाने आजोबांचं घर गावाबाहेर ठेवलं होतं, तेच काम इथे पत्र्याच्या शेडमध्ये, कार्डावर वेळ टिपून, पगारी झालं होतं. तरी आईला कुणी विचारलं, की मिस्टर काय करतात, तर ती म्हणायची, "सेफ्टीत आहेत." ऐकणाऱ्याला वाटायचं, मोठे अधिकारी असतील. तिने कधी तो गैरसमज दूर केला नाही.

बाबांचा एक नियम होता. उजव्या आणि डाव्या हाताचा तळवा एकाच कातड्यातून, शेजारी शेजारी काढायचा. दोन वेगळ्या कातड्यांतून काढला तर काम लवकर होतं, माल जास्त निघतो, आणि सगळे तसंच करायचे. बाबा करत नसत.

"येगयेगळ्या जनावराचे घेतले तर एक हात आधी म्हातारा होतोय," ते म्हणायचे. "दुसरा तसाच तरणा ऱ्हातो. मग माणूस दोन्ही फेकून देतो. कशाला?"

आणि दुसरी गंमत म्हणजे, जन्मभर हातमोजे कापणारा हा माणूस स्वतः कधी हातमोजे घालत नसे. "घातल्यावर कातडं काय म्हनतंय ते कळंल का?" चामडं कुठे जाड आहे, कुठे पातळ, कुठे अजून आतून ओलं आहे, हे त्यांना बोटांनी कळायचं. बोटांना शंका आली की ते वाकून त्याचा वास घ्यायचे. म्हणजे चामडं त्यांच्या हातांत शिरत होतं आणि ते चामड्यात. घरी येईपर्यंत ते दोघे वेगळे झालेले नसत.

ते दारातून आवाज न करता आत यायचे. मी जमिनीवर पाटी किंवा वही घेऊन बसलेला. मागून दोन मोठे हात माझ्या डोळ्यांवर यायचे.

"वळख कोन?"

काय तो वास! कातड्याचा आंबूस, थोडा चिंचेसारखा. त्यावर मशीनचं तेल. खुणा करायच्या खडूची भुकटी. जरासा तंबाखू. आणि तळाशी, सगळ्यांच्या खाली, ऊबदार खारट काहीतरी, ज्याला मला कधीच नाव सापडलं नाही. मला पहिल्या श्वासाला ओळखू यायचं. पण मी मुद्दाम चुकायचो. पोस्टमन? शेजारचे काका? दूधवाला? जितकं चुकेन तितका वेळ ते हात डोळ्यांवर राहायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, सोडा त्याला, गणितं राहिलीयेत!" आणि मी अंधारात बसून आणखी एक चुकीचं नाव शोधायचो.

परतताना गाडी वर्षाने चालवली. एरवीही तीच चालवते, मी शेजारी बसून पायाने ब्रेक मारतो. पण आज मी सीटबेल्टसुद्धा तिला लावायला सांगितला.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. वास जाईल."

"जाऊ दे की. डोकं दुखायला लागलंय माझं. काचा उघडते."

"नको!"

मी इतक्या जोरात म्हणालो की तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग रस्त्याकडे. पंचवीस वर्षांत ती एवढं शिकली आहे, की माझ्या मूर्खपणाच्या मागे कधीकधी दुसरं काहीतरी असतं. ते काय, हे ती लगेच विचारत नाही. पाम बीच रोडवर खाडीच्या बाजूला नेहमीसारखं ऊन पडलं होतं. मी मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवून बसलो होतो, शकुनाचं काहीतरी सांडू नये अशा बेताने.

नेरूळला पोचेपर्यंत डांबर निघून गेलं होतं. उग्रपणाची धार बोथट झाली होती आणि आतून केशर निघालं होतं. हो, केशर. आणि धूप. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्या, शेरवानीतल्या माणसांच्या अंगाला येतो तो वास. मला एकदम परकं वाटलं. बाबांनी आयुष्यात केशर पाहिलं असेल तर श्रीखंडाच्या डब्यावरच्या चित्रात. हे चामडं कुठल्यातरी दुसऱ्याच घरातलं होतं. सोफ्यांचं, बुटांचं, घोड्यांच्या खोगिरांचं. त्याने कधी लोखंड उचललं नव्हतं.

पण मुलगी म्हणाली होती, चार-पाच तास. मी थांबायचं ठरवलं.

जेवायला बसलो तेव्हा मी चमचा मागितला. ताटात पोळी आणि भरल्या वांग्याची भाजी.

"वांगं चमच्याने?" वर्षा म्हणाली. "आणि पोळी? तिला काटा देऊ का?"

"हात धुतले नाहीयेत मी."

"मग धुवा!"

"नाही धुवायचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. साथीच्या वर्षात याच माणसाने या घरात भाजी बेसिनमध्ये, दूधपिशव्या बादलीत आणि तिची पर्स गच्चीत धुतली होती. पेपरला इस्त्री केली होती. सईने तेव्हा मला घरातला आरोग्यमंत्री म्हणायला सुरुवात केली. तोच माणूस आज वांगं चमच्याने चिरत होता आणि हात धुवायला नकार देत होता. किस्सा पुण्याला जाणार, यात शंका नव्हती.

मी नववीत असताना बाबा एकदा मला कळंबोलीला घेऊन गेले. तिथला लोखंड बाजार तेव्हा नवा होता. कारखान्याने शंभर जोड्या पाठवल्या होत्या आणि शिलाई उसवते म्हणून तक्रार आली होती, ती बघायला. मला आठवते ती तिथली चमक. ट्रकमधून सळया उतरताना होणारा आवाज, दातांत शिरणारा. गंजाचा वास, तोंडात नाणं धरल्यासारखा. एक उंच माणूस, उघडा, फक्त चड्डी आणि हातांत आमचे हातमोजे, चार जणांबरोबर सळयांची मोळी ओढत होता. बाबा थबकले.

"हे माझे हायेत," ते मला म्हणाले.

"कशावरून?"

"अंगठा बग."

मला अंगठ्यात काही वेगळं दिसलं नाही. बाबा पुढे झाले आणि त्या माणसाला हातमोजे दाखवायला सांगितले. त्याने काढून दिले. काळे पडलेले, तेलकट, त्याच्या मुठीच्या आकाराचे झालेले. बाबांनी ते उलटेपालटे केले, शिवणीवरून नख फिरवलं आणि मग, सगळ्यांच्या देखत, एक हातमोजा नाकाशी धरून वास घेतला.

"अरे बाबूजी!" तो माणूस हसून म्हणाला. "पसीना है, पसीना!"

"नवा असतो तेव्हा कंपनीचा," बाबा मला म्हणाले. "महिन्याभरात ज्याचा त्याचा होतोय. हा आता याचा झाला."

त्या माणसाला कुणीतरी सांगितलं, की हे बनवणारे हेच. त्याने बाबांकडे पाहिलं, मग स्वतःचे दोन्ही तळवे उघडून समोर धरले. डाव्या तळव्यावर एक पांढरी जुनी जखम होती, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "ये पहले का," तो म्हणाला. मग उजवीकडे बोट केलं, तिथे काही नव्हतं. "ये आपके बाद का."

बाबांचा चेहरा असा उजळला, की मी तसा तो पुन्हा फक्त सई झाली त्या दिवशी पाहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात वर आला, माझ्या खांद्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी तो बघितला, आताच दुसऱ्याचा हातमोजा धरलेला तो हात, आणि पँटच्या खिशात घातला.

"चल," ते म्हणाले. "उसाचा रस पिऊ."

तो हात का थांबला, ते मला माहीत होतं. तेच सांगायचं टाळत टाळत मी इथवर आलोय.

त्याच्या चारपाच वर्षं आधी, पाचवीत, माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. एक दिवस तो सरकून बसला आणि म्हणाला, "तुझ्या अंगाला चपलांच्या दुकानाचा वास येतो." वाईट म्हणून म्हणाला असं नाही. त्याने फक्त सांगितलं. पण मागच्या बाकावरचे हसले, आणि एकाने चपलांच्या दुकानापेक्षा जुना शब्द वापरला, जो आजोबांच्या गावाहून आमच्या मागोमाग इथवर आला होता. मी दिवसभर माझी बाही हुंगत राहिलो. त्या संध्याकाळी दोन हात मागून डोळ्यांवर आले.

"वळख कोन?"

मी ते हात दोन्ही हातांनी झटकले. "बाबा, वास येतो," मी म्हणालो. "आधी हात धुवा."

एवढंच. रागावलो नाही, रडलो नाही. आईने ऐकलं का, मला माहीत नाही. बाबा म्हणाले, "हां, हां, खरंय की," आणि मोरीत गेले. बराच वेळ पाणी वाजत राहिलं. दुसऱ्या दिवशी मोरीच्या कोनाड्यात एक गुलाबी साबण आला, गुलाबाच्या वासाचा, आमच्या घराला न परवडणारा. तेव्हापासून बाबा घरी आले की सरळ मोरीत जायचे. एकदा साबण, पाणी. दुसऱ्यांदा साबण, पाणी. तिसऱ्यांदा. मग टॉवेल, मग चहा. डोळ्यांवर हात पुन्हा कधी आले नाहीत. मीही कधी म्हटलं नाही, की या. पहिले काही दिवस मी वही घेऊन दाराकडे पाठ करून बसायचो. मग तेही सोडलं.

घरातल्या प्रत्येक फजितीचा किस्सा करणारा मी. हा एक मी कुणालाच सांगितला नाही. आईला नाही, वर्षालाही नाही.

बाबांनी त्यांची पहिली जोडी जपून ठेवली होती. शिकाऊ असताना स्वतः कापलेली, अंगठा जरा तिरका आलेला, म्हणून बाद झालेली. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात. ती घणसोलीहून आमच्याबरोबर नेरूळच्या फ्लॅटमध्ये आली. आई गेली, बाबा निवृत्त झाले, आणि ते संध्याकाळी बागेत फिरायला गेले की मी, चाळीस वर्षांचा बाप्या, तो कप्पा उघडून चोरासारखा वास घ्यायचो. तिथे तो होता. आंबूस, खडू, तेल, आणि तळाशी ते बिननावाचं. मी चोरून घ्यायचो, कारण मागून घ्यायची लाज वाटायची. बाबा परत येऊन हात धुवायचे आणि मी शहाण्यासारखा टीव्ही बघत बसलेला असायचो.

मग ते साथीचं वर्ष आलं. आम्ही दोघं एकाच आठवड्यात आजारी पडलो. बाबा दवाखान्यात, मी घरी आतल्या खोलीत, दार बंद. त्याच आठवड्यात माझं नाक गेलं. वर्षा दाराबाहेर ताट ठेवायची, मी जेवायचो, कशाला कसला वास नाही. बाबा दवाखान्यातून आले नाहीत. एक पिशवी आली, तिच्यात चष्मा, बनियन आणि दातांची डबी. मला कुठे जाता आलं नाही, काही करता आलं नाही.

खोलीतून बाहेर पडलो तेव्हा मला काहीतरी करायचं होतं. मी बाबांची खोली धुवायला घेतली. भिंती, पलंग, कपाटाच्या मुठी. वर्षा दारात उभी होती, तोंडाला मास्क.

"तो खालचा कप्पा राहू द्या हो," ती म्हणाली.

"वर्षा, हा विषाणू आहे," मी म्हणालो. "त्याला भावना नसतात."

केवढा हुशार मी! मी ती जोडी वर्तमानपत्रातून काढली, बादलीत गरम पाणी घेतलं, जंतुनाशकाची अर्धी बाटली ओतली आणि रात्रभर भिजत घातली. सकाळी कपड्यांच्या ब्रशने घासली. बाल्कनीत उन्हात टाकली. चामडं गरम पाण्यात घालू नये, हे आमच्या घरात कुत्र्याला सुद्धा माहीत असतं, आम्ही पाळला असता तर. संध्याकाळी ते हातमोजे वाळलेल्या फणसाच्या सालीसारखे कडक झाले होते, बोटं आत वळलेली, काहीतरी धरायला निघाली आणि मध्येच थांबली अशी. मी त्यांचा वास घेतला. काही आला नाही. मला वाटलं, माझं नाक गेलंय म्हणून.

तीन महिन्यांनी पहिला वास आला तो काडेपेटीचा. मग बरेच दिवस लसणाला रबराचा वास यायचा आणि आमटीला रॉकेलचा, आणि वर्षा बिचारी रोज नवी आमटी करायची. ज्या दिवशी चहा चहासारखा लागला, त्या दिवशी मी कप खाली ठेवला आणि कपाटाकडे गेलो. खालचा कप्पा उघडला. हातमोजे नाकाशी धरले. जंतुनाशकसुद्धा उडून गेलं होतं. कागदाला जितका असतो तितकाही वास त्यांना नव्हता.

एकदा तोंडाने आणि एकदा बादलीने. दोन्ही वेळा मीच.

दुपारी मी पलंगावर पडलो. चार तास होऊन गेले होते. केशर विरलं होतं, धूपही गेला होता. मुलगी खोटं बोलली नव्हती. आता तळव्यांवर जे उरलं होतं ते मऊ होतं, कोमट, जरासं खारट, जरासं आंबूस. इतकं जवळ, की मी उठून पंखा बंद केला आणि पुन्हा पडलो. मी डोळे मिटले आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. बोटांत फट न ठेवता, घट्ट.

वळख कोन?

पोस्टमन, मी मनात म्हणालो. शेजारचे काका. दूधवाला.

मी चुकत राहिलो. मुद्दाम. जितकं चुकेन तितका वेळ. पण खडू आला नाही, तेल आलं नाही. तळाचं ते बिननावाचं येतंय येतंय असं वाटायचं आणि ते माझंच निघायचं, माझ्याच घामाचं. प्रत्येकाच्या स्किनवर वेगळा, सर. महिन्याभरात ज्याचा त्याचा होतोय. हे अत्तर दुपारपर्यंत माझं झालं होतं, आणि मला ते माझं नको होतं.

"डोळे दुखताहेत का?" वर्षा दारातून म्हणाली.

"नाही."

तिने दार ओढून घेतलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकऱ्यांचा आवाज येत होता. मी ओट्यापाशी गेलो. वास आता इतका पुसट झाला होता, की तळवा नाकाला टेकवल्याशिवाय येत नव्हता. आणखी तासाभराने तेवढाही राहणार नव्हता. वर्षाने ताटं घेतली.

"आता तरी हात धुवा," ती म्हणाली. "पिठलं चमच्याने खाणाऱ्याला मी वाढणार नाही, सांगून ठेवते."

"धुतो. आधी एक कर." मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "वास घे. खरं सांग. बाबांसारखा येतो का? थोडा तरी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सकाळपासूनचं सगळं, काचा, चमचा, दुपार, तिच्या डोळ्यांत एका जागी येताना मला दिसलं. तिने पिठाचे हात टॉवेलला पुसले, गॅस बारीक केला आणि माझे तळवे जवळ घेतले. आधी डावा. मग उजवा. मग दोन्ही एकत्र. बराच वेळ.

"मला कसं सांगता येईल हो?" ती म्हणाली. "मी या घरात आले तेव्हापासून बाबांच्या हाताला त्या गुलाबी साबणाचाच वास यायचा. चामड्याचा कधी आलाच नाही मला. नवीन होते तेव्हा एकदा विचारलं पण होतं मी त्यांना, बाबा, कामावरून आल्या आल्या तीन-तीनदा काय हात धुता? तर हसले आणि म्हणाले, 'धुवावं लागतंय, पोरी. घरात ल्हान लेकरू हाय.' मी आपली घरभर बघतेय, कुठलं लेकरू? सई तर अजून व्हायची होती."